म्हाताऱ्या सोबत्याची नजर जपताना

प्रतिनिधी, वांद्रे

सकाळी साडेसहाच्या सुमारास कार्टर रोडच्या किनाऱ्यावर माणसांइतकीच कुत्र्यांचीही वर्दळ असते. पट्ट्याला ओढ देणारी पिल्ले, धापा टाकत धावणारे लॅब्राडॉर, मालकिणीच्या हातातून खाली उतरण्यास राजी नसलेले शिट्झू असे सारेच त्या गर्दीत दिसतात. या गर्दीच्या कडेने आणखी एक वर्ग हळूहळू चालत असतो. तोंडावरचे केस पांढरे झालेले, मागचे पाय किंचित वाकलेले आणि डोळ्यांत निळसर धुके साचलेले हे वृद्ध श्वान. पदपथाच्या कडेशी आले की ते थबकतात, एक पंजा पुढे करून जमीन चाचपतात आणि मगच पाऊल टाकतात. बारा-तेरा वर्षांपूर्वी घरात आलेल्या पिल्लाची आता ही अवस्था झाली आहे, हे घरच्यांना अनेकदा अशाच एखाद्या पायरीशी कळते.

अंध व्यक्तीला वाट दाखविणारा कुत्रा सर्वांना ठाऊक असतो. वाट न दिसणाऱ्या कुत्र्याचा हात धरण्याची वेळ येते, तेव्हा मात्र नेमके काय करावे हे बहुतेक घरांत कोणालाच माहीत नसते. 'म्हातारपण आहे, चालायचेच' असे म्हणून काहीजण दुर्लक्ष करतात. काहीजण घाबरून त्याला कायमचे झोपविण्याचा विचार करू लागतात. ही दोन्ही टोके टाळण्यासारखी आहेत. पहिल्यात वाचविता आली असती अशी दृष्टी हातची जाते आणि दुसऱ्यात सुखाने जगू शकला असता असा जीव जातो.

वार्धक्य कधीपासून?

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, हे गणित सोयीचे असले तरी बरोबर नाही. लहान चणीचे कुत्रे उशिरा म्हातारे होतात, मोठ्या चणीचे लवकर. ग्रेट डेनसारखा महाकाय श्वान सहाव्या-सातव्या वर्षीच वृद्धत्वाकडे झुकतो. लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्डच्या बाबतीत आठव्या वर्षाच्या आसपास खुणा दिसू लागतात. स्पिट्झ, डॅशहुंड यांसारखे छोटे कुत्रे दहा वर्षांपर्यंत तरुणासारखे वावरतात. आपल्याकडचा गावठी कुत्रा घरात नीट सांभाळला गेला तर चौदा-पंधरा वर्षेही सहज जगतो.

वाढत्या वयाबरोबर सांधे आखडतात, दात किडतात, ऐकू कमी येते आणि नजरही मंदावते. या साऱ्या गोष्टी एकाच वेळी घडत असल्याने कोणती तक्रार कशामुळे आहे, हे ओळखणे अवघड होते. जिना चढण्यास नकार देणाऱ्या कुत्र्याचे गुडघे दुखत असतील किंवा त्याला पायऱ्या दिसत नसतील. हाक मारूनही न येणाऱ्याला ऐकू येत नसेल किंवा मेंदूच्या वार्धक्यामुळे तो गोंधळलेला असेल. म्हणून कारणाचा निर्णय घरी बसून करू नये.

मुंबईची जुनी परंपरा

या शहराचे कुत्र्यांशी असलेले नाते जुने आहे. १८३२ साली ब्रिटिश प्रशासनाने भटक्या कुत्र्यांना मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाजाने त्याविरुद्ध उठाव केला आणि मुंबईत दंगल उसळली. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था मुंबईत स्थापन झाली. १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये त्याच परिसरात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शहरातील पशुवैद्यकांच्या अनेक पिढ्या येथेच घडल्या. २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे टाटा न्यासांचे लहान प्राण्यांसाठीचे बहुमजली रुग्णालयही सुरू झाले.

वृद्ध श्वानांची काळजी कशी घ्यावी, याचा एक धडा मुंबई पोलिसांच्या श्वानांनीही घालून दिला आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर स्फोटके हुडकून काढणारा 'झंजीर' २००० साली हाडांच्या कर्करोगाने गेला, तेव्हा त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी कामगिरी बजावणारे मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे निवृत्तीनंतर विरारजवळच्या एका शेतावर राहिले. तेथे त्यांच्या म्हातारपणाची निगा राखली गेली. २०१६ या एकाच वर्षात चौघेही एकामागून एक गेले. काम संपले म्हणून जबाबदारी संपत नाही, एवढे या उदाहरणावरून घ्यावे.

दिसेनासे झाले हे कसे ओळखावे?

कुत्र्याची दृष्टी जाते, हे घरच्यांच्या सर्वांत शेवटी लक्षात येते. त्याला कारण आहे. माणूस जगाची ओळख मुख्यतः डोळ्यांनी करून घेतो, तर कुत्रा नाकाने. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींहून अधिक असल्याचे मानले जाते. रंगांच्या बाबतीत तो मुळातच मर्यादित आहे. निळा आणि पिवळा एवढेच रंग त्याला स्पष्ट वेगळे कळतात, लाल व हिरवा यांतला भेद तो जाणत नाही. त्यामुळे दृष्टी हळूहळू गेली तर ओळखीच्या घरात तो नाक, कान, मिशा आणि स्मरणशक्ती यांच्या आधारे इतका सहज वावरतो की काही बिघडले आहे अशी शंकाही येत नाही. सोफा भिंतीच्या दुसऱ्या बाजूला हलविला किंवा सुटीत नातेवाइकांच्या घरी नेले की एकदम तो सगळीकडे धडकू लागतो आणि 'कालपर्यंत तर छान दिसत होते' असे वाटते.

पुढील खुणांकडे लक्ष असू द्यावे :

– संध्याकाळनंतर बाहेर जाण्यास नाखुशी, अंधाऱ्या खोलीत शिरताना थबकणे.
– जिना उतरताना, विशेषतः शेवटच्या पायरीशी, अडखळणे.
– फेकलेला चेंडू किंवा बिस्किट डोळ्यांनी न शोधता नाकाने हुडकणे.
– मान खाली घालून, पाय उंच उचलून चालणे. भिंतीच्या कडेकडेने फिरणे.
– अचानक हात लावल्यास दचकणे, गुरगुरणे. पूर्वी नसलेला चिडचिडेपणा.
– घरातल्या एकाच व्यक्तीला सतत चिकटून राहणे.
– डोळा लाल होणे, पाणी किंवा चिकट स्राव येणे, उजेडात डोळा मिटून घेणे, पंजाने डोळा घासणे.

घरच्या घरी एक साधी चाचणी करता येते. कुत्रा स्वस्थ बसलेला असताना त्याच्या समोर, थोड्या उंचीवरून कापसाचा बोळा टाकावा. कापसाला आवाज नसतो आणि वासही जवळपास नसतो. नजर शाबूत असेल तर मान बोळ्याच्या मागे वळते. हीच चाचणी डाव्या व उजव्या बाजूने, भरपूर उजेडात आणि मंद उजेडात करावी. डोळ्यांसमोर हात हलवून पाहणे मात्र फसवे असते. हाताने ढकललेली हवा मिशांना लागते आणि न दिसणारा कुत्राही डोळे मिचकावतो. टॉर्च मारल्यावर बाहुली लहान झाली म्हणजे दिसते, असेही नाही. पिकलेल्या मोतीबिंदूतही ती क्रिया चालू राहू शकते.

प्रत्येक पांढरा डोळा मोतीबिंदू नसतो

वृद्ध कुत्र्याच्या डोळ्यांत निळसर-करडी छटा दिसली की बहुतेक घरांत 'मोतीबिंदू झाला' असे ठरवून टाकले जाते. अनेकदा हा समज चुकीचा असतो. डोळ्यातील भिंगाला आयुष्यभर नवे तंतू येत राहतात आणि जुने तंतू मध्यभागी दाबले जाऊन घट्ट होतात. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षानंतर या घट्ट झालेल्या गाभ्यावरून उजेड विखुरतो आणि बाहुलीत निळसर धुके दिसते. हा वयाचा स्वाभाविक परिणाम आहे. जवळची बारीक वस्तू थोडी अस्पष्ट दिसत असेल, पण कुत्रा आंधळा होत नाही आणि त्यावर उपचाराचीही गरज नसते.

मोतीबिंदूत भिंगातील प्रथिनांची रचना बिघडून ते अपारदर्शक होते. रंग दुधासारखा पांढरा दिसतो आणि उजेड दृष्टिपटलापर्यंत पोहोचत नाही. तो आनुवंशिक असू शकतो, मार लागल्याने होऊ शकतो आणि मधुमेहामुळे तर फार वेगाने होतो. मधुमेही कुत्र्याच्या रक्तातील जादा साखर भिंगात शिरून तिचे सॉर्बिटॉल या पदार्थात रूपांतर होते. सॉर्बिटॉल पाणी ओढून घेते, भिंग फुगते आणि कधी कधी काही दिवसांतच डोळा पांढरा होतो. मधुमेह झालेल्या बहुसंख्य कुत्र्यांना निदानानंतर वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतो. म्हणून डोळा पांढरा दिसण्याबरोबरच कुत्रा पाणी फार पीत असेल, वारंवार लघवी करीत असेल आणि भरपूर खाऊनही वजन घटत असेल, तर आधी रक्त व लघवीतील साखर तपासून घ्यावी.

निळसर धुके कोणते आणि मोतीबिंदू कोणता, हा फरक बाहुली औषधाने मोठी करून, विशेष दिव्याखाली डोळा पाहिल्यावरच खात्रीने सांगता येतो. मोतीबिंदू 'विरघळविणारे' थेंब बाजारात मिळतात, मात्र त्यांनी तो बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. खरा उपाय शस्त्रक्रियेचाच. माणसाप्रमाणेच ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेतले जाते आणि शक्य असेल तेथे कृत्रिम भिंग बसविले जाते. त्यापूर्वी दृष्टिपटल काम करते आहे की नाही, याची विद्युत चाचणी आणि डोळ्याची सोनोग्राफी करावी लागते. मागचा पडदाच निकामी असेल तर भिंग बदलून काही साधत नाही.

शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना घरच्यांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. पुढचे कित्येक आठवडे दिवसातून अनेक वेळा डोळ्यांत थेंब घालणे, गळ्यातील संरक्षक कॉलर सांभाळणे आणि वारंवार तपासणीला नेणे आपल्याला जमणार आहे का? जमत असेल आणि प्रकृती साथ देत असेल तर चौदाव्या वर्षीही शस्त्रक्रिया होऊ शकते. नुसते वय हे नकाराचे कारण नाही. शस्त्रक्रिया करायची नसेल, तरी मोतीबिंदू तसाच सोडून देऊ नये. पिकलेल्या भिंगातून झिरपणाऱ्या प्रथिनांमुळे डोळ्यात दाह होतो आणि त्यातून पुढे काचबिंदू उद्भवू शकतो. त्यासाठी थेंब व नियमित तपासणी चालू ठेवावी लागते.

काचबिंदू : येथे तासांचा हिशेब

डोळ्याच्या सर्व विकारांत सर्वाधिक घाई काचबिंदूत करावी लागते. डोळ्याच्या आत सतत तयार होणारे पाणी बाहेर जाण्याचा मार्ग अडला की आतला दाब वाढतो. निरोगी कुत्र्याच्या डोळ्यातील दाब साधारण १० ते २५ मिलीमीटर पारा असतो. तो याहून बराच वाढला तर दृष्टिचेता आणि दृष्टिपटल चिरडले जातात आणि एक ते तीन दिवसांत नजर कायमची जाऊ शकते.

डोळा लालबुंद होणे, बुबुळावर निळसर ढग येणे, बाहुली मोठी होऊन तशीच राहणे, कुत्र्याने खाणे सोडणे, डोके भिंतीला टेकवून बसणे, डोक्यावर हात फिरविला तर कण्हणे या त्याच्या खुणा. कुत्रे वेदना लपवितात. डोळा लाल आहे आणि स्वारी गप्प आहे, एवढेच दिसत असले तरी 'उद्या पाहू' म्हणू नये. त्याच दिवशी, शक्यतो डोळ्यातील दाब मोजण्याचे उपकरण असलेल्या दवाखान्यात न्यावे. कॉकर स्पॅनियल आणि बॅसेट हाउंड या जातींत हा विकार अधिक आढळतो. एका डोळ्याला झाला तर दुसऱ्यालाही होण्याचा धोका असतो. म्हणून पहिला डोळा वाचला नाही, तरी दुसऱ्यासाठी प्रतिबंधक थेंब लगेच सुरू करणे महत्त्वाचे.

अंधत्वाची इतर कारणे

दृष्टिपटलाचा आनुवंशिक ऱ्हास हळूहळू होतो. आधी रात्रीचे दिसेनासे होते, मग दिवसाचेही. लॅब्राडॉर, कॉकर, पूडल अशा अनेक जातींत तो आढळतो. त्यावर उपचार नाही, पण वेदनाही नसतात. दुसऱ्या एका विकारात दृष्टिपटल अचानक निकामी होते आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ण अंधत्व येते. बाहेरून डोळा अगदी निरोगी दिसतो. अशा कुत्र्यांची भूक आणि तहान त्या आधी वाढलेली असते, असे पुष्कळदा आढळते.

मुंबईच्या दमट हवेत गोचिडांचा उपद्रव वर्षभर असतो. गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया हा ताप डोळ्यांनाही सोडत नाही. रक्तातील बिंबाणू कमी होऊन डोळ्यात रक्तस्राव होतो, आतील भाग सुजतो, कधी दृष्टिपटल सुटते. वेळीच निदान झाले तर औषधांनी हा आजार आटोक्यात येतो, आणि काही वेळा गेलेली नजरही परत मिळते. म्हणून कुत्रा म्हातारा आहे, बाहेर फारसा जात नाही, या समजुतीने गोचीडनाशक औषध बंद करू नये.

मूत्रपिंडाच्या विकारात रक्तदाब वाढतो आणि तोही दृष्टिपटल सुटण्याचे कारण ठरतो. कुत्र्याचाही रक्तदाब मोजता येतो आणि वार्षिक तपासणीत तो मोजून घ्यायला हवा. अश्रू कमी होण्याचा विकार वेगळा. त्यात डोळ्यात चिकट, पिवळसर घाण साचते, बुबुळ कोरडे पडून काळवंडते. कागदाची बारीक पट्टी पापणीत ठेवून एका मिनिटात ती किती मिलीमीटर ओली होते, हे पाहून त्याचे निदान होते. १५ च्या पुढे आकडा असला तर चिंता नसते, १० च्या खाली गेला तर शंका घ्यावी. त्यावरील मलम बहुधा आयुष्यभर लावावे लागते, परंतु नजर वाचते. पग, शिट्झू यांच्यासारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचे डोळे बाहेर आलेले असल्याने त्यांच्या बुबुळावर जखमा लवकर होतात.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. घरात उरलेले, माणसासाठी आणलेले डोळ्यांचे थेंब कुत्र्याला घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल, तर ती जखम खोल जाऊन डोळा फुटण्यापर्यंत मजल जाते. तीच गोष्ट वेदनाशामक गोळ्यांची. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यांसारखी माणसांची औषधे कुत्र्याचे पोट, मूत्रपिंड आणि यकृत यांना घातक ठरू शकतात.

घर ओळखीचे राहू द्या

नजर गेलेल्या कुत्र्यासाठी घराचा नकाशा त्याच्या डोक्यात असतो. तो बदलू नये, हा पहिला नियम. पाण्याचे भांडे, जेवणाची जागा, अंथरूण हे जेथे आहे तेथेच राहू द्यावे. खुर्च्या वापरून झाल्यावर टेबलाखाली सरकवाव्यात. जमिनीवर दप्तर, चपला, बादली पडू देऊ नये. दारे पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद असावीत. अर्धवट उघड्या दाराच्या कडेवर डोके आपटते. टेबलाचे कोपरे, पलंगाच्या कडा यांना जुन्या चादरीची किंवा फोमची पट्टी गुंडाळावी.

मुंबईतील घरांत गुळगुळीत फरशा असतात. सांधे दुखणाऱ्या आणि न दिसणाऱ्या कुत्र्याला त्यांवर चालणे म्हणजे बर्फावर चालणे. दारापासून अंथरुणापर्यंत आणि अंथरुणापासून पाण्यापर्यंत रबरी पाठ असलेली पायपुसणी ओळीने घालावीत. पायाखालचा खरखरीतपणा हीच त्याची पायवाट होते. पाण्याच्या भांड्याखाली वेगळ्या पोताची चटई ठेवली तर तेथे पोहोचल्याचे त्याला पंजांना कळते. वासाच्या खुणांचाही उपयोग होतो, परंतु घरभर उग्र सुगंध पसरवू नये. एकाच गंधाने सगळ्या खुणा झाकल्या जातात.

जिन्याच्या तोंडाशी लहान मुलांसाठी वापरतात तसे फाटक लावावे. गॅलरीच्या ग्रिलमधून अंग बाहेर जाईल एवढी फट असेल तर जाळी बसवावी. उघड्या खिडकीखाली पलंग वा दिवाण असेल तर तो हलवावा. हा एकच बदल सुरक्षिततेसाठी आवश्यक मानावा.

बोलण्याने त्याला आधार मिळतो. जवळ येताना आधी नाव घ्यावे, मग हात लावावा. झोपेत असताना अचानक स्पर्श केला तर सर्वांत शांत कुत्राही दचकून चावू शकतो. घरातील लहान मुलांना हे प्रेमाने पण ठामपणे सांगावे. 'थांब', 'पायरी', 'वर', 'खाली', 'हळू' असे मोजके शब्द ठरवून घरातील सर्वांनी तेच वापरावेत. एकाने मराठीत, दुसऱ्याने इंग्रजीत सूचना दिली तर त्याचा गोंधळ होतो. नजर शाबूत असतानाच हे शब्द शिकविले तर उत्तम, पण म्हातारा कुत्राही बक्षिसाच्या आशेने नवे शिकतो. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याच्या गळ्यात छोटा घुंगरू बांधावा. त्याच्या मागोमाग चालणे आंधळ्या सोबत्याला सोपे जाते.

लाडापायी त्याला सतत उचलून घेणे मात्र टाळावे. उचलून दुसऱ्या जागी ठेवले की आपण कोठे आहोत, हे त्याला कळत नाही. उचललेच तर नेहमी ओळखीच्या ठिकाणी, अंथरुणावर किंवा पाण्याजवळ, उतरवावे.

रस्त्यावर आणि पावसात

फिरणे बंद करू नये. नव्या वासांशिवाय कुत्र्याचा मेंदू सुस्तावतो आणि वजनही वाढते. गळपट्ट्याऐवजी छातीभोवती बसणारा हार्नेस वापरावा. त्याने दिशा देणे सोपे होते, शिवाय गळ्यावर ताण आल्याने डोळ्यातील दाब वाढतो तो टळतो. पट्टा आखूड ठेवावा, वाट रोजची ठेवावी आणि वेळ गर्दी नसलेली निवडावी. चिंबईच्या किंवा रानवारच्या चिंचोळ्या गल्ल्यांत उभी वाहने व दुचाकींची हँडले कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतात, याचे भान असावे. डोक्याभोवती हलके कडे असलेला पट्टाही मिळतो. अडथळा आधी कड्याला लागतो आणि नाक वाचते. दुसऱ्या कुत्र्यांच्या मालकांना 'याला दिसत नाही' असे आधीच सांगावे. डोळ्यांतून दिले जाणारे इशारे न कळल्याने नकळत भांडण होऊ शकते.

पावसाळा हा मुंबईतील खरा कसोटीचा काळ. साचलेल्या पाण्याने ओळखीचे वास धुऊन जातात, झाकणे उघडी असलेली गटारे दिसत नाहीत आणि लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. अशा दिवशी इमारतीच्या आवारातच फिरवावे आणि घरी आल्यावर पंजे पुसून कोरडे करावेत. लेप्टोची लस वेळेवर द्यावी. सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा व गणेशोत्सव आणि पाठोपाठ दिवाळी येते. गर्दी, ढोल आणि फटाके यांत न दिसणारा कुत्रा पार भेदरतो. त्या दिवसांत फिरण्याची वेळ पहाटेची ठेवावी, आतल्या खोलीत अंथरूण घालावे, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवावा. गळ्यातील बिल्ल्यावर दूरध्वनी क्रमांकाबरोबर 'दिसत नाही' हे शब्दही कोरून घ्यावेत. कातडीखालची मायक्रोचिपही उपयुक्त.

सोसायटीत लिफ्ट वापरू न देणे ही वृद्ध श्वानांच्या मालकांची मोठी अडचण. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टचा वापरही नाकारता येत नाही. मालकांनीही पट्टा, स्वच्छता आणि शेजाऱ्यांची सोय यांचे भान ठेवावे, असेही त्याच सूचना सांगतात. न दिसणाऱ्या कुत्र्याचा प्रश्न पदाधिकाऱ्यांपुढे शांतपणे आणि पशुवैद्यकाच्या पत्रासह मांडला तर वाद बहुधा मिटतो.

तपासणी आणि आहार

सात-आठ वर्षांनंतर वर्षातून दोनदा सर्वांगीण तपासणी करावी. रक्त, लघवी, रक्तदाब, दात, वजन आणि डोळ्यातील दाब हे सारे त्यात यावे. वजन आटोक्यात ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपचार आहे. त्याने सांध्यांवरचा भार आणि मधुमेहावर नियंत्रण ठेवण्यातील अडचणी कमी होतात. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. गाजर किंवा जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी गेलेली नजर परत येत नाही. औषधे, थेंब व त्यांच्या वेळा एका वहीत लिहून ठेवाव्यात. मुलगा नोकरीला गेला आणि आजीने पुन्हा तेच थेंब घातले, असे प्रकार त्यामुळे टळतात.

शेवटचा प्रश्न

केवळ अंधत्व हे कुत्र्याला झोपविण्याचे कारण नाही, यावर पशुवैद्यकांचे एकमत आहे. नजर गेल्यावर पहिले काही आठवडे तो गांगरतो, झोपून राहतो, जेवत नाही. त्याच काळात घरचेही खचतात आणि घाईचा निर्णय घेतात. तेवढे दिवस धीर धरावा. बहुतेक कुत्रे दोन-तीन महिन्यांत सावरतात, शेपूट हलवू लागतात. आंधळा झालेला डोळा सतत दुखत असेल तर तो काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. ऐकायला हे कठोर वाटते, परंतु आपण कसे दिसतो याची चिंता कुत्र्याला नसते. वेदना थांबल्यावर तो पुन्हा खेळू लागतो, हे पाहून घरच्यांनाच आश्चर्य वाटते.

निर्णय खरोखरच करायची वेळ आली, तर भावनेच्या भरात न करता काही निकषांवर करावा. अमेरिकन पशुवैद्यक डॉ. अॅलिस व्हिलालोबॉस यांनी २००४ मध्ये त्यासाठी एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत की नाहीत, अशा सात बाबींना गुण द्यायचे. तिच्यात दृष्टी ही स्वतंत्र बाब नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आंधळ्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला रस्त्यावर, बागेत वा रेल्वे स्थानकाबाहेर सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये गुन्हा आहे. त्यातील दंडाची रक्कम आजच्या काळात हास्यास्पद वाटावी एवढी, पहिल्या गुन्ह्यासाठी १० ते ५० रुपये, आहे. परंतु न दिसणाऱ्या कुत्र्यासाठी अनोळखी रस्त्यावर सोडले जाणे म्हणजे बहुधा मृत्यूच. ज्यांना खरोखरच सांभाळणे शक्य नाही, त्यांनी आधी आपल्या पशुवैद्यकाशी आणि प्राणिकल्याण संस्थांशी बोलावे.

महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्यास नकार देतो, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. वांद्र्याच्या किनाऱ्यावर पंजाने पायरी चाचपणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला एवढ्या मोठ्या त्यागाची अपेक्षा नसते. पट्टा आखूड धरून, पायरीशी थांबून कोणी 'हळू, पायरी आहे' असे म्हटले की त्याचे काम भागते.